खाली निखारे, वर निखारे

दिवाळीचा तिसरा दिवस उजाडेपर्यंत घरोघर फराळाचे डबे अर्धे झालेले असतात आणि खाणारेही गोडातुपाला कंटाळलेले असतात. हेदवी, वेळणेश्वर, नरवण या गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावांत या दिवसांत मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी मुलाबाळांसह आलेली असतात. दशभुजा गणेशाचं दर्शन होतं, बामणघळीत उसळणारं पाणी बघून होतं आणि संध्याकाळी नातवंडांकडून फर्माईश येते, "आजी, आज पास्ता कर ना, बेक केलेला, वर चीज असलेला." आजी सुनेकडे बघते, सून फडताळावरच्या ओव्हनकडे. तेवढ्यात वीज जाते.

अशा वेळी पास्ता रद्द करण्याचं काही कारण नाही. बेक्ड पास्ता हा शहरातल्या हॉटेलांचा आणि विजेच्या ओव्हनचा पदार्थ, असा आपला समज झालेला आहे. प्रत्यक्षात या पदार्थाला लागतात मुख्यतः दोन गोष्टी: पिठापासून साच्यातून काढलेला शिजणारा पदार्थ आणि खालून-वरून मिळणारी आच. या दोन्ही गोष्टी कोकणच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आपलं धोंडस, आपले शिरवाळे

भाद्रपद-आश्विनात मांडवावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पिकतात. जून झालेलं मोठं तवसं आढ्याला टांगून ठेवलं की पुढे कितीतरी दिवस टिकतं. ते किसायचं, तांदळाचा भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची घालून शिजवायचं, आणि मग जाड बुडाच्या भांड्यात थापून खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. हे आपलं धोंडस. गोव्याकडे याच जातीची तवसळी करतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंचं आणि सीकेपी मंडळींचं भानोळं हे त्याचं तिखटमिठाचं भावंड. त्यात कोबी किंवा कोळंबी पिठात, मसाल्यात कालवून अशीच दोन्हीकडून भाजतात. अलिबाग-पेणकडची थंडीतली पोपटी आणखी पुढे जाते. तिथे भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उपडं घालतात आणि आग त्याच्या चहूबाजूंनी पेटवतात.

दुसरी गोष्ट शिरवाळ्यांची. तांदळाच्या पिठाचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि पडणाऱ्या शेवया नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडवून खायच्या. पीठ आधी शिजवण्यामागे पक्कं कारण आहे. तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे कच्च्या पिठाची शेवई तुटते. पीठ शिजलं की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच शेवईला धरून ठेवतो. गव्हाच्या पास्त्यात हे काम ग्लुटेन करतं. म्हणून तो कच्चा असतानाच साच्यातून काढता येतो, वाळवता येतो आणि नंतर उकळत्या पाण्यात टाकला तरी विरघळत नाही.

शिरवाळ्यांचाच बेक्ड पास्ता करावा, असं मात्र मी सुचवणार नाही. ते आधीच पूर्ण शिजलेले असतात. सॉसमध्ये अर्धा तास भाजले तर त्यांचा लगदा होतो. बेकसाठी गव्हाचाच पास्ता हवा आणि तोही विशिष्ट गव्हाचा.

गहू देशावरचा, संस्था मालवणच्या माणसाच्या नावाची

चांगला वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून करतात. इटलीत तर 1967 च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमचाच असावा लागतो. हा गहू दाण्याला कडक, रंगाला पिवळसर आणि प्रथिनांना भारी. आपल्याकडे बन्सी या नावाने देशावर पूर्वापार पेरला जाणारा गहू हाच. पोळीचा गहू वेगळ्या जातीचा. त्यात 42 गुणसूत्रं असतात, ड्युरममध्ये 28. सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी वापरतात तो खपली गहूही 28 गुणसूत्रांचाच, म्हणजे ड्युरमचा जवळचा नातेवाईक.

या गव्हावर महाराष्ट्रात गांभीर्याने काम झालं ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत. 1946 साली 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या नावाने ती सुरू झाली. तिच्या गव्हाच्या वाणांपुढे 'एमएसीएस' ही अक्षरं लागतात ती त्या नावावरून. पुढे संस्थेला संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव देण्यात आलं. हे वनस्पतिशास्त्रज्ञ मूळचे मालवणचे. संस्थेने काढलेल्या 'एमएसीएस 4028' या ड्युरम वाणात प्रथिनांचं प्रमाण सुमारे 14.7 टक्के आहे आणि लोह व जस्तही चांगलं आहे. कोकणच्या जांभ्या जमिनीत आणि दमट हवेत गहू पिकत नाही, पण त्याच्या अभ्यासाला एका कोकणी माणसाचं नाव लागलेलं आहे.

दुकानातून पास्ता घेताना पाकिटाच्या मागची बाजू वाचावी. 'ड्युरम गव्हाचा रवा' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच बेकसाठी घ्यावा. साध्या गव्हाचा किंवा मैद्याचा स्वस्त पास्ता उकडताना बरा दिसतो आणि भाजताना सॉस पिऊन गळून जातो. आकार पेने, फ्युसिली किंवा जाड मॅकरोनीचा घ्यावा. नळीत आणि खाचांत सॉस बसतो. स्पॅगेटीसारखा लांब पास्ता वाढताना त्रास देतो.

इटलीच्या घरातही निखारेच

अरब भूगोलज्ञ अल-इद्रीसी याने 1154 साली सिसिलीच्या राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे शेवयांसारखा वाळवलेला पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होई आणि जहाजांतून दूरवर जाई. वाळवलेला पदार्थ टिकतो आणि प्रवासाला सोयीचा पडतो, म्हणून तो सर्वदूर पोहोचला. चौदाव्या शतकातल्या 'लिबेर दे कोक्विना' या नेपल्सच्या पाकपुस्तकात चीज आणि मसाला घालून थरांवर थर रचलेल्या लसान्याची कृती आहे. टोमॅटो तेव्हा युरोपात आलेलाच नव्हता. तो अमेरिकेतून पुढच्या काळात आला. पहिला थरांचा पास्ता पांढराच होता.

आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं नाव आहे पेलेग्रिनो आर्तुझी यांचं. त्यांनी 1891 साली इटालियन घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक काढलं आणि ते तिथल्या घरोघरी गेलं. त्या काळी घरात ओव्हन असणं ही चैन होती. त्यामुळे कित्येक कृतींत आर्तुझी भांड्याच्या खाली आणि वर विस्तव ठेवायला सांगतात. आपल्या धोंडसाची आणि त्यांच्या भाजलेल्या पदार्थांची युक्ती एकच आहे.

वरची आच कशासाठी

पास्ता, भाज्या आणि सॉस आधीच शिजलेले असतात. मग भाजायचं कशासाठी? पृष्ठभागासाठी. ओलावा आहे तोवर पदार्थाचं तापमान 100 अंशांपुढे फारसं जात नाही. वरचा थर सुकला आणि त्याने साधारण 140 अंश ओलांडले की प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. दुधातली साखर आणि चीजमधली प्रथिनं यासाठी अगदी योग्य. ही उष्णता वरूनच यावी लागते.

कढईत मीठ किंवा वाळू तापवून त्यावर भांडं ठेवण्याची पद्धत अनेकांना माहीत आहे. तिने पास्ता गरम होतो, सॉस घट्ट होतो, पण वरची बाजू पांढरी आणि ओलसर राहते. झाकणावर आच नसते आणि वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. कढईच वापरायची असेल तर शेवटी लोखंडी तवा लालभडक तापवून सांडशीने डिशच्या दोन बोटं वर धरावा. मिनिटभरात चीजवर डाग पडू लागतात. युरोपातले आचारी पूर्वी याच कामासाठी लांब दांड्याची लोखंडी चकती तापवून वापरत.

आठ माणसांसाठी

पास्ता 500 ग्रॅम, दूध सव्वा लिटर, लोणी 80 ग्रॅम, मैदा 80 ग्रॅम, भाज्या 800 ग्रॅम, मोझरेला 200 ग्रॅम, साधं प्रोसेस्ड चीज 50 ग्रॅम, लसूण, मिरी, जायफळ आणि पावाचा चुरा. मोझरेला तार धरतं, प्रोसेस्ड चीज सॉसमध्ये न फुटता वितळतं, म्हणून दोन्ही घ्यावीत. मोझरेला गावात मिळालं नाही तर चिपळूणहून येणाऱ्याला सांगून ठेवावं.

भाज्या हंगामातल्या घ्याव्यात. दिवाळीत लाल भोपळा मुबलक असतो आणि तो भाजला की पांढऱ्या सॉसशी उत्तम जमतो. उत्तर इटलीतल्या मांतोव्हा शहरात भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता प्रसिद्ध आहे. भोपळ्याबरोबर कांदा, फरसबी, मक्याचे दाणे आणि मिळाल्यास अळंबी घ्यावी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळा फणस उकडून घालता येतो. मासे खाणाऱ्यांनी सोललेली कोळंबी लसणावर जेमतेम परतून घालावी. ती भाजताना पूर्ण शिजते. भाज्यांतलं पाणी परतताना आटवून टाकायलाच हवं, नाहीतर ते तळाशी साचतं.

पास्ता पाच लिटर उकळत्या पाण्यात, लिटरला साधारण 7-8 ग्रॅम मीठ घालून उकडावा. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 8 मिनिटांनी काढावा. दाताखाली मध्ये कच्चेपणा लागला पाहिजे, कारण उरलेलं पाणी तो सॉसमधून घेणार आहे. वजन दुपटीहून थोडं अधिक भरतं. उकडीचं वाटीभर पाणी राखून ठेवावं, त्यातला स्टार्च सॉस सारखा करायला उपयोगी पडतो.

सॉससाठी लोण्यात मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतावा. कच्चा वास जाऊ द्यावा, रंग येऊ देऊ नये. मग कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळावं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहावं. स्टार्च उकळीच्या आसपासच पूर्ण फुगतो. हा सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवावा, पळीवरून सहज ओघळेल इतका. शेवटी जायफळ किसून घालावं. पांढऱ्या सॉसमध्ये जायफळ घालण्याची रीत युरोपची, पण जायफळ नारळी-पोफळीच्या सावलीत आपल्याकडेही पिकतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याचे 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' हे वाण दिलेले आहेत.

दूध कमी पडलं तर तिसरा हिस्सा नारळाचा रस घालावा. तो जोरात उकळला की फुटतो, म्हणून सॉस घट्ट होऊन चूल मंद झाल्यावर घालावा. मैद्यातला स्टार्च त्याला धरून ठेवतो.

लंगडीत भाजण्याची रीत

विजेचा ओव्हन असेल तर 200 अंशांवर 25 मिनिटं आणि शेवटची 5 मिनिटं फक्त वरचा रॉड लावावा. वीज नसेल तर जाड बुडाची लंगडी किंवा तसराळं घ्यावं, लोण्याचा हात फिरवून पास्ता, भाज्या, सॉस आणि निम्मं चीज कालवून भरावं. थर दोन इंचांपेक्षा जाड नको. वर उरलेलं चीज आणि पावाचा चुरा पसरावा. झाकण सपाट आणि काठ वर आलेलं हवं. एखादं पितळी ताट उत्तम.

करवंट्यांचे निखारे प्रखर असतात आणि बराच वेळ टिकतात. एक भाग निखारे खाली, दोन भाग वर ठेवावेत. खाली जास्त झाले तर तळ करपतो आणि वर रंग येत नाही. वीस मिनिटांनी झाकण उचलून वाफ जाऊ द्यावी, वरचे निखारे नवे करावेत. पस्तीस-चाळीस मिनिटांत कडेला सॉस बुडबुडतो आणि वर तांबूस डाग पडतात. मग उतरवून दहा मिनिटं थांबावं. लगेच वाढलं तर सॉस वाहतो, थांबलं तर वडीसारखे चौकोन कापता येतात.

एक गोष्ट विसरू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. म्हणून हे काम परड्यात किंवा मोकळ्या पडवीत करावं, दारं बंद केलेल्या खोलीत कधीच नाही.

या बेकबरोबर सोलकढी फार चांगली लागते. चीज आणि लोण्याने आलेला जडपणा आमसुलाची आंबट चव उतरवते. सोबत काकडीची कोशिंबीर असावी, भात नको.

पास्ता बाजारातून आला, चीज बाजारातून आलं, पण तो भाजण्याचं कसब घरातल्या जुन्या माणसांकडे आहे. ज्या आजीला धोंडसाच्या झाकणावर किती निखारे ठेवायचे हे हाताला कळतं, तिला या पास्त्याची कृती शिकवावी लागत नाही, फक्त साहित्य सांगावं लागतं. तेव्हा या सुट्टीत वीज गेली तर नातवंडांना निखारे फुंकायला बसवा आणि झाकण कधी उचलायचं ते आजीलाच ठरवू द्या.