तिखटाच्या आधी आंबट

आंध्र-तेलंगणचे जेवण म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारे तिखट, हा समज आपल्याकडे चांगलाच मुरलेला आहे. तो अगदीच निराधार नाही, पण तेलुगू घरच्या स्वयंपाकाचा कणा तिखटाचा नसून आंबटाचा आहे, आणि याची साक्ष पदार्थांची नावेच देतात. तिथल्या रोजच्या रस्स्याला ‘पुलुसु’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ आंबट. चिंचेचा कोळ, हळद आणि फोडणी घातलेला, देवळांत प्रसाद म्हणून मिळणारा भात ‘पुलिहोरा’. त्यातही ‘पुलि’ आंबटाचीच. गंमत म्हणजे तिखटपणाची ध्वजा मिरवणाऱ्या ‘आवकाय’ या कैरीच्या लोणच्याच्या नावातही मिरची नाही. ‘आव’ म्हणजे मोहरी. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिचे तेलुगू नाव ‘मिरपकाय’ आपल्या ‘मिरची’सारखेच मिऱ्यावरून पडले, तोवर तिखटाचा मान मिऱ्याकडे होता.

आंबटाची तऱ्हा मात्र एक नाही. चिंच आहेच, शिवाय चिंचेचा कोवळा पाला, कैरी, चुका, लिंबू, दही, आणि गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी. दही सोडल्यास यातले काहीही तुरीच्या वरणात पडते आणि ‘पप्पु’ तयार होतो. आंबटाशिवायचे घट्ट साधे वरण, ‘मुद्द पप्पु’, हा अपवाद. पण तेही भातावर तूप सोडून आवकायबरोबर खातात, म्हणजे वरणात नसलेला आंबटपणा लोणचे भरून काढते. प्रांत बदलला की धान्य आणि चव दोन्ही बदलतात. उत्तर आंध्रात पुलुसुत गूळ पडतो आणि भाज्यांना वाटलेली मोहरी लावतात. रायलसीमेत नाचणीच्या ‘संगटी’च्या गोळ्याबरोबर गावरान कोंबडीचा पुलुसु असतो. तेलंगणात ‘जोन्न रोट्टे’, म्हणजे ज्वारीची भाकरी. मराठवाड्याला ती परकी वाटायचे कारण नाही, 1956 पर्यंत दोन्ही प्रदेश एकाच हैदराबाद राज्यात होते. तेलंगणातल्या ‘पच्चि पुलुसु’त तर चिंचेचे पाणी उकळतही नाहीत, कच्च्या कोळातच कांदा आणि मिरची घालतात. भात, नाचणी, ज्वारी, पान बदलत गेले तरी पुलुसु काही पानावरून हलत नाही.

मग गुंटूरचे काय, असे कोणी विचारील. तिथला मिरचीचा बाजार आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे, हे खरे. पण मिरची हे नगदी पीक आहे. ती देशभर आणि परदेशी जाते. बाजाराच्या उलाढालीवरून घरचे ताट ओळखणे म्हणजे लासलगावच्या कांद्यावरून नाशिककरांच्या जेवणाचा अंदाज बांधणे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोणची, पच्चडी नावाच्या ओल्या चटण्या आणि कोरड्या चटण्या खरोखरच जहाल असतात, रायलसीमेचे कालवणही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हे तिखट खाण्याची रीत ध्यानात घ्यायला हवी. चमचाभर चटणी किंवा लोणचे, त्यावर तूप नाहीतर तिळाचे तेल, आणि भोवती भरपूर भात. शिवाय जेवणाचा शेवट दहीभाताने. मिरचीचे प्रमाण इथे घासाच्या हिशेबाने ठरते. हॉटेलात तेच लोणचे पोळीबरोबर भाजीसारखे खाणाऱ्याच्या तोंडाला आग लागली, तर दोष पूर्ण स्वयंपाकाचा मानता येणार नाही.

गुढीपाडव्याच्याच दिवशी येणाऱ्या उगादीला षड्रसांची पच्चडी करतात: नवी चिंच, गूळ, कैरी, कडुलिंबाचा मोहोर, मीठ आणि तिखट. चिंच कालवून तिच्या पाण्यातच बाकीचे सारे मिसळतात. तिखटासाठी चिमूटभर काय ते लागते, आणि कित्येक घरांत तीही मिरपूडच असते.