क्वांटममध्ये 'आय' कशाला हवा?

दुसऱ्या वर्षाच्या ट्युटोरियलला साधारण तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. श्रोडिंगरचं समीकरण फळ्यावर लिहून झालेलं असतं आणि मागून कुणीतरी हळूच विचारतं, "यात सुरुवातीलाच वजा एकचं वर्गमूळ आहे. ते तर काल्पनिक. मग खऱ्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणात ते काय करतंय?"

आता ब्रिटनमध्ये मुलांना शिकवताना मी या प्रश्नाची वाट बघत असतो, कारण बीएस्सीला असताना तो मीही विचारला होता. "गणिताची सोय आहे ती, उत्तर बरोबर येतंय ना?" एवढं बोलून सर पुढच्या उदाहरणाकडे वळले. बाकी सगळ्यांना कळलंय, आपल्यालाच कळत नाही, असं वाटून मी गप्प बसलो. पुढे दोन वर्षं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पॉडकास्टच्या भागात यावर बोललो खरं, पण हातवारे करून सांगायची गोष्ट नुसत्या आवाजात नीट उतरली नाही. म्हणून हा लेख.

पहिली अडचण नावाची आहे. 'काल्पनिक' हा शब्द देकार्तने १६३७ साली वापरला आणि तो चिकटून राहिला. त्याआधी, १५७२ मध्येच, इटलीच्या बॉम्बेलीने या संख्या वापरून घन समीकरणांची अगदी साधी, वास्तव उत्तरं काढून दाखवली होती.

तेव्हा नाव विसरा आणि शाळेतला पीटीचा तास आठवा. 'पीछे मुड' म्हटलं की आपण उलट दिशेला तोंड करतो. वजा एकने गुणणं म्हणजे नेमकं हेच: संख्यारेषेवर पूर्ण उलटं वळणं. आता असा कोणता हुकूम आहे, जो दोनदा दिला की 'पीछे मुड' होईल? 'बाएँ मुड'! दोनदा डावीकडे वळलं की तोंड मागे. 'आय'ने गुणणं म्हणजे ९० अंशांत डावीकडे वळणं, आणि म्हणूनच 'आय'चा वर्ग वजा एक. यात काल्पनिक काहीच नाही. फक्त वळायचं तर रेष पुरत नाही, मैदान लागतं.

आता इलेक्ट्रॉनकडे या. दोन फटी आहेत, पलीकडे पडदा आहे. पडद्यावरच्या एखाद्या ठिकाणी पोचायच्या प्रत्येक वाटेला क्वांटम सिद्धांत एक बाण देतो. दोन्ही बाण टोकाला टोक लावून जोडायचे आणि येणाऱ्या बाणाच्या लांबीचा वर्ग करायचा. इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची शक्यता त्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, दोन्ही बाणांची लांबी १ आहे. एकाच दिशेला असतील तर बेरीज २, वर्ग ४. विरुद्ध असतील तर बेरीज शून्य. तिथे इलेक्ट्रॉन येतच नाही. काटकोनात असतील तर वर्ग २, म्हणजे दोन फटींच्या वेगवेगळ्या शक्यतांची साधी बेरीज.

इथे हुशार विद्यार्थी अडवतो: "पण मग अधिक एक आणि वजा एक पुरे की! बाण कशाला?"

पडद्यावर हळूहळू सरकत चला. भरघोस जागेपासून रिकाम्या जागेपर्यंत जाताना एका फटीचा आकडा दुसरीच्या तुलनेत अधिक एकपासून वजा एकपर्यंत बदलायला हवा, आणि तोही अचानक नाही, सावकाश. संख्यारेषेवर राहून हे करायचं तर वाटेत शून्य लागणारच. शून्याचा अर्थ, त्या ठिकाणी या फटीतून इलेक्ट्रॉन येऊच शकत नाही. पण दुसरी फट बंद करून बघा: त्या ठिकाणीही इलेक्ट्रॉन खुशाल येतात. म्हणजे आकडा आटत नाही, त्याची लांबी कायम राहून दिशा बदलते. हे फक्त बाणाला जमतं.

"एसी सर्किटमध्येही 'आय' असतोच ना?" असतो, पण तिथे तो खरोखरच सोयीचा आहे. शेवटी वास्तव भाग घ्यायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. व्होल्टेज म्हणजे फिरत्या बाणाची नुसती सावली. क्वांटममध्ये सावलीवर भागत नाही, अख्खा बाण लागतो.

हवं तर प्रत्येक बाण दोन वास्तव संख्यांच्या जोडीने लिहा, कुणी अडवत नाही. पण त्या जोड्यांच्या गुणाकाराचे नियम 'आय'चेच असतील. पाटी तेवढी बदलली. मात्र, दोन स्वतंत्र प्रणाली एकत्र जोडायचा नेहमीचा नियम तसाच ठेवून फक्त वास्तव संख्यांवर क्वांटम सिद्धांत उभा केला, तर काही प्रयोगांत तो वेगळी भाकितं करतो, असं २०२१ मध्ये 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. लगेचच झालेल्या प्रयोगांचा कौल संमिश्र संख्यांच्या बाजूने पडला. जोडणीचा तो नियम धरूनच चालायचं का, यावर वाद होऊ शकतो. पण 'सोय की गरज' हा प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत पोचला, हे काय थोडं आहे?

आणि मला बीएस्सीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशी एक गोष्ट. जून १९२६ मध्ये श्रोडिंगरने लॉरेंट्झना लिहिलेल्या पत्रात तक्रार केली होती, की या संमिश्र संख्या काही आपल्याला पटत नाहीत, हे फलन मुळात वास्तवच असणार. त्याच महिन्यात पाठवलेल्या निबंधात त्याने 'आय' असलेलं समीकरण मांडलं.

तेव्हा ट्युटोरियलला तुम्ही हा प्रश्न विचारलात आणि "सोय आहे" एवढंच उत्तर मिळालं, तर ओशाळू नका. दोन फटींचं चित्र काढा, एक फट बंद करा आणि शून्य कुठे गेलं ते विचारा.