भूगोलवेत्त्याचे ज्ञान कसे सिद्ध होते: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेत राजधान्या, नद्या आणि पिके यांच्या याद्या पाठ करून घेण्याचा शिरस्ता पडल्यामुळे भूगोल म्हणजे माहितीचे दफ्तर, अशी समजूत रूढ व्हावी यात नवल नाही. परंतु सुशिक्षितांमध्ये तिच्याहून प्रतिष्ठित असा दुसरा समज आढळतो, तो हा की, भूगोलवेत्ता मुलूख हिंडतो, डोळ्यांना दिसेल ते टिपून घेतो आणि त्यातून ज्ञान आपोआप तयार होते.

हिमालयाचे सर्वोच्च शिखर कसे ठरले, एवढा एकच दाखला हा समज दूर करण्यास पुरेसा आहे. नेपाळच्या हद्दीत मोजणीदारांना मज्जाव असल्यामुळे, कागदोपत्री केवळ ‘शिखर 15’ म्हणून नोंदलेल्या त्या शिखराचे कोन 1849-50 साली बिहारच्या मैदानातील ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांवरून, घेण्यात आले. तोवर उंचीचा मान कांचनगंगेकडे होता. प्रकाशकिरण हवेच्या थरांतून किती वाकतो आणि पृथ्वीची वक्रता किती फरक पाडते, याचा हिशेब राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकारी गणकांनी केल्यानंतरच, 1856 साली, 29,002 फूट ही उंची जाहीर झाली, आजच्या 8,848.86 मीटरशी ती ताडून पाहता फरक दहा मीटरांच्याही आत भरतो. सर्वोच्चतेचा हा निर्णय गणिताने दिला, दृष्टीने नव्हे.

दोन मोजण्यांत तफावत पडली की कोणाची तरी हयगय झाली असली पाहिजे, हाही असाच एक गैरसमज. 1802 साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी, 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट मुक्कामी त्यांचा देहान्त झाल्यावर, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेली. आणि कल्याणपूर व कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचा फरक त्रिकोणांवरून एक, तर ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरा निघाला. अंतर अवघे पाच विकलांचे होते, आणि एव्हरेस्ट यांनी ते मोजणीत साचलेली चूक म्हणून गणले. कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांना मात्र शंका आली की, हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावे. त्यांनी त्या ओढीचे गणित मांडले, तेव्हा तफावत सुमारे सोळा विकलांची, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट, यावयास हवी होती! अनुमान खोटे ठरले म्हणून विषय मिटला नाही. उलट पर्वताखाली हलक्या द्रव्याची खोल मुळे असली पाहिजेत, असा विचार जॉर्ज एअरी यांनी 1855 साली मांडला, आणि भूकवचाच्या संतुलनाची कल्पना पुढे त्यातूनच वाढली. या विद्येच्या इतिहासात मला याहून मनोज्ञ प्रकरण ठाऊक नाही. ती विसंगती नीटनेटकेपणाच्या हौसेने गिळून टाकली असती, तर पर्वताच्या पायाकडे जाणारी ही वाट त्या वेळी तरी बंदच राहिली असती.

नकाशा काढला की सत्य स्वतःहून प्रकट होते, ही समजूत तर लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांच्या 1854 सालच्या पटकीच्या नकाशामुळे अधिकच पसरली आहे. वस्तुतः दूषित पाण्याचा सिद्धान्त त्यांनी 1849 मध्येच मांडला होता, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेल्यानंतर तो नकाशा तयार झाला. त्यांची खरी तपासणी घरोघर चालली: दुसरा पंप जवळ असताना ज्यांच्या घरी मृत्यू घडले, त्यांपैकी काही कुटुंबे याच पंपाचे पाणी मुद्दाम आणवीत असल्याचे चौकशीत आढळले, आणि जेथे मरण येऊ नये तेथे ते का आले, या प्रश्नाइतकाच कसून त्यांनी उलटा प्रश्नही विचारला. पंपाशेजारच्या मद्याच्या कारखान्यातील सत्तरांहून अधिक कामगारांत एकही बळी नव्हता. त्यांना कारखान्याचे मद्य प्यावयास मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती, हे मालकाला जाऊन विचारले तेव्हाच कळले.