कोठडीतले पहिले चोवीस तास

आजचा विषय पोलिसांच्या ताब्यात असलेल्या संशयिताचे हक्क. यातल्या एकाच गोष्टीवर जास्त वेळ घालवणार आहे, ती म्हणजे वेळ.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'त्याला अटक नाही केली हो, नुसतं पोलीस स्टेशनला बसवून ठेवलंय.' आता बघा, कायद्यात 'बसवून ठेवणे' नावाची अवस्थाच नाही. चौकशीला बोलावलेला माणूस उठून घरी जाऊ शकत असेल तर तो मोकळा. जाऊ शकत नसेल तर तो अटकेत. मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे: अटक सुरू होते ती स्वातंत्र्यावर बंधन आलं त्या क्षणी, अधिकाऱ्याने कागदावर वेळ लिहिली तेव्हा नव्हे.

घड्याळ तिथून चालू होतं. राज्यघटनेचं कलम 22 आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 58, दोन्ही सांगतात की 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे. कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वगळतात, रविवार वगळत नाहीत. म्हणून तर सुट्टीच्या दिवशीही रिमांडचं काम चालतं. समजा, दुपारी दोनला उचललं आणि अटक रात्री अकराला दाखवली. मधले नऊ तास तो माणूस कुठे होता? कागदावर कुठेच नाही. मारहाण म्हणा, कोऱ्या कागदावर सही म्हणा, या वेळेइतकी सोयीची वेळ दुसरी नाही.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या मेमोवर तारीख-वेळ, घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी असं बजावलं, ते याचसाठी. आता ते कायद्यातच आलंय. तेव्हा सही करताना आधी वेळ वाचायची. वेळ चुकीची असेल तर घरच्यांनी खरी वेळ वरिष्ठ अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवावी. ईमेल केला तरी चालेल, त्यावर वेळ आपोआप पडते.

बाकीचे हक्क बहुतेकांना ऐकून माहीत असतात. अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं (पूर्ण वेळ वकील शेजारी बसेल असं मात्र नाही). पोलिसांसमोरची कबुली पुरावा ठरत नाही. पण तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, आणि सिनेमात हे कधी सांगत नाहीत.

आता महाराष्ट्रातलं एक प्रकरण. 1982 च्या मे महिन्यात पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या 15 स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये पोलिसांनी मारल्याचं सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने तीच याचिका मानली आणि 1983 मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, तिथे महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. आणि अटक झालेल्याचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी, इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावायचं, शिवाय आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचं. तुमच्या गावच्या पोलीस स्टेशनात ते कोणी वाचून दाखवतं का, हे विचारायला हरकत नाही.

त्याच निकालाने मॅजिस्ट्रेटवरही एक काम टाकलं: समोर आलेल्याला छळाची तक्रार आहे का, हे विचारायचं. 'पोलिसांबद्दल काही तक्रार?' हा प्रश्न रिमांडच्या वेळी होतो. उत्तर येतं, 'नाही साहेब.' येणारच! ज्याच्याबद्दल बोलायचं तो शेजारी उभा, आणि पीसीआर मिळाला तर परत त्याच्याच ताब्यात जायचंय. म्हणून हा प्रश्न पोलिसांना थोडं दूर उभं करून विचारावा, अशी विनंती वकिलाने करायला हवी. मार लागला असेल तर अंगावरच्या खुणा तिथेच दाखवाव्यात, वैद्यकीय तपासणी मागावी आणि अहवालाची प्रत घ्यावी. ती प्रत मिळणं हा हक्क आहे.

वकील परवडत नसेल तर? ताब्यात असलेल्या माणसाला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. पहिल्या रिमांडलाच मागायचा. घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा.