काच जास्त, भिंत कमी!

नवा फ्लॅट घेतलात, तर नाव कुठे लावाल? दारावरच्या नेमप्लेटवर ना? बेसबाईंनी ते थेट छतावर लावलं. दगडात कोरून!

गेल्या उन्हाळ्यात मी नॉटिंगहॅमला मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या गाडीतून एम-वन हायवेनं जाताना डर्बीशायरमधल्या एका टेकडीवर हे घर दिसलं. हार्डविक हॉल. सहा मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर ‘ई एस’ ही अक्षरं. ई एस म्हणजे एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी. इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’.

बाईंचा बायोडेटा सॉलिड आहे. जन्म बेताच्या परिस्थितीतल्या जमीनदाराच्या घरात. लग्नं चार. चौथा नवरा अर्ल, पण त्याच्याशी शेवटी पार बिनसलं. नवरा असेपर्यंत बायकोच्या मालमत्तेवर हक्क त्याचाच, असा तेव्हाचा कायदा. 1590 मध्ये तो वारला आणि साठी ओलांडलेल्या बेसच्या हाती भरपूर पैसा आणि पूर्ण मोकळीक आली. त्याच सुमारास सुरू झालेल्या घरात ती 1597 मध्ये राहायला गेली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो.

आता घराकडे बघू. पहिली नजर जाते खिडक्यांवर. त्या काळी काच ही चैन होती, त्यामुळे खिडक्या मोठ्या म्हणजे मालक श्रीमंत. बेसचा तर स्वत:चा काचेचा कारखानाच होता! पण नुसत्या पैशानं काम होत नाही. इतकी काच बसवायची, तर शेगड्या आणि धुराडी कुठे न्यायची? ती गेली आतल्या भिंतींत, आणि बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या झाल्या. बाहेरून सगळं सारखं दिसावं म्हणून काही खिडक्या चक्क खोट्या आहेत. काचेमागे भिंत!

दुसरी गंमत उंचीची. तळमजल्यावर नोकरचाकर आणि कामकाज, मधल्या मजल्यावर बाईंचा संसार, आणि सगळ्यात वर बड्या पाहुण्यांचे दरबारी दिवाणखाने. मजला जितका वरचा, तितक्या खिडक्या उंच. हॉलचीही दिशा बदललेली. जुन्या इंग्लिश हवेल्यांत तो दर्शनी भिंतीला समांतर, आडवा असायचा. इथे दारातून शिरलात, की तो सरळ आत जातो.

जिना वळणं घेत घेत वर नेतो आणि पन्नासेक मीटर लांबीच्या गॅलरीत तुम्ही ‘वॉव’ म्हणता. तिथले गिडियनच्या गोष्टीचे भव्य पडदे बाईंनी 1592 मध्ये सेकंडहँड घेतले. त्यावर आधीच्या मालकाचं घराण्याचं चिन्ह होतं. ते झाकायचा खर्च येणार म्हणून बाईंनी पाच पौंड कमी करून घेतले! तुळशीबागेत घासाघीस करणाऱ्या माझ्या आईला ही बाई एकदम पटली असती.

आज मात्र आतमध्ये अंधुक उजेड असतो. 1959 पासून घर नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि जुनं कापड उन्हानं विटू नये म्हणून पडदे ओढलेले असतात. उजेडासाठी बांधलेल्या घरात उजेडच जपून! जरा चुटपुट लागते.

शेजारीच तिच्या जुन्या घराचे भग्न अवशेष आहेत. (हॅरी पॉटर फॅन्ससाठी टीप : ‘डेथली हॅलोज’च्या पहिल्या भागातला मॅल्फॉय मॅनर बाहेरून दिसतो, तो हाच हॉल!)

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण घरगुती आहे. परत आल्यावर मी आणि माझा होणारा नवरा फ्लॅट बघत होतो. हप्ता निम्मा-निम्मा. पण एजंट प्रत्येक खोलीत फक्त त्याच्याशी बोलत होता. ‘सर, पार्किंग. सर, लोन.’ मी किचनपुरती! घरच्यांचंही तेच, ‘त्याचं नाव आहे ना, मग झालं.’

महाराष्ट्रात 2021 पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण मुद्दा त्या टक्क्याचा नव्हता. मी हॉलच्या खिडकीशी गेले, ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि एजंटला म्हटलं, ‘अ‍ॅग्रीमेंटवर माझंही नाव हवं. आणि पहिलं.’

तो ‘सर’कडे बघायला लागला. सर हसले आणि म्हणाले, ‘मॅडमना विचारा.’

छतावर नाही, पण सुरुवात तर झाली!