ढोल-ताशाच्या नादाने उजळणारी एलईडी दीपपट्टी : रचना व कार्यतत्त्व

प्रस्तावना

मुळशी परिसरात गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील ढोल-ताशाचा नाद सर्वपरिचित आहे. या नादानुसार उजळणारी, हातात धरून नेता येईल अशी दीपपट्टी पदवी वर्गाचे विद्यार्थी बनवू शकतात. केवळ आवाज वाढला की दिवे लागणे, यात शिकण्यासारखे फारसे नाही. ढोल आणि ताशा यांतील भेद पट्टीला 'ऐकू' यावा, ही खरी कसोटी होय.

रचना व कार्य

इलेक्ट्रेट मायक्रोफोन, प्रवर्धक, आर्डुइनो ऊनो बोर्ड, 30 दिव्यांची डब्ल्यूएस2812 पट्टी व 5 व्होल्टची पॉवर बँक एवढे साहित्य पुरते. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक दिवा सुमारे 60 मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे एकूण 1.8 अँपिअर. तेजस्विता चतुर्थांश ठेवल्यास हा भार सुमारे 0.45 अँपिअरवर येतो. रात्रीच्या मिरवणुकीस तेवढा प्रकाश पुरेसा आहे.

बोर्डावरील एटीमेगा328 सेकंदास सुमारे 9,600 नमुने घेऊ शकतो. प्रत्येक नव्या नमुन्यातून आधीची सरासरी वजा करून त्या फरकाचा आठवा भाग सरासरीत मिळवीत गेल्यास सुमारे 200 हर्ट्झखालील ध्वनी, म्हणजे प्रामुख्याने ढोलाची थाप, वेगळी होते. उरलेला भाग ताशाचा. अर्थात ढोलाच्या दुसऱ्या बाजूवरील टिपरूचा आघातही या उरलेल्या भागात थोडा उमटतोच. पूर्ण विभाजनाची अपेक्षा ठेवू नये.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. ढोल जवळ असता प्रवर्धित संकेत 0 ते 5 व्होल्टची मर्यादा गाठतो आणि तरंगाची शिखरे छाटली जातात. छाटलेल्या तरंगात मुळात नसलेली उच्च वारंवारितेची हार्मोनिक्स निर्माण होतात. परिणामी ढोल वाजत असताना ताशाचे दिवे लागतात! विद्यार्थी अशा वेळी प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतात. परंतु एकदा छाटला गेलेला तरंग कोणताही प्रोग्राम पूर्ववत करू शकत नाही. प्रवर्धन कमी करणे हाच उपाय. त्यासाठी संकेत प्रथम ऑसिलोस्कोपवर पाहावा, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे.

दिव्यांना माहिती पाठविण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. प्रत्येक दिव्यास 24 बिट, म्हणजे सुमारे 30 मायक्रोसेकंद लागतात. तीस दिव्यांच्या या 0.9 मिलिसेकंदांत प्रचलित लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवतात. म्हणून आधी नमुन्यांचा एक गट पूर्ण घ्यावा व नंतरच पट्टी अद्ययावत करावी.