उत्तर दडपले तरी प्रश्न उरतोच

पुस्तकांवरील बंदीचा वाद निघाला की चर्चा बहुधा लेखकाच्या स्वातंत्र्यापाशी थांबते. वाचकाचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांचे उदाहरण आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी पुन्हा पाहण्याजोगे आहे.

महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र गणिताचे प्राध्यापक होते. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते साक्षेपी वाचन. इंग्रजीबरोबरच फ्रेंचही अवगत असल्याने कामशास्त्र व संततिनियमन या विषयांवरील युरोपीय लेखन ते मुळातून वाचू शकत. त्या वाचनाचा लाभ त्यांनी मराठी वाचकाला दिला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. पुढे या कार्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, तरी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालविले.

अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला अधिक बोलका आहे. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर! बचावास उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ग्रंथसंग्रहासाठी दादरला ‘राजगृह’ उभारणाऱ्या या थोर वाचकाने हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांच्या लेखनाचा आधार घेतला. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही आणि विकृती ज्ञानानेच दूर होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तरीही दोनशे रुपये दंड झालाच.

त्या काळी अश्लीलता ठरविताना १८६८ च्या ‘हिकलिन’ या इंग्लिश खटल्यातील कसोटी प्रमाण मानली जाई. सहज बिघडू शकेल अशा मनावर मजकुराचा काय परिणाम होईल, हे ती पाहत असे. एका रुग्णाला ॲलर्जी आहे म्हणून औषध सर्वांनाच नाकारावे, तसाच हा न्याय! १९६९ मध्ये कायद्यात शास्त्र, साहित्य, कला व विद्या यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘श्यामा’ कथेबद्दल चंद्रकांत काकोडकरांना निर्दोष ठरविले. २०१४ मध्ये हिकलिनची कसोटीही न्यायालयाने बाजूस सारली.

मुलांच्या हाती काय पडावे, ही पालकांची चिंता रास्तच आहे. वयानुरूप विवेक हवा. परंतु त्या नावाखाली प्रौढांचे ज्ञान रोखता येत नाही. ‘समाजस्वास्थ्य’ला लिहिणाऱ्या वाचकाची शंका आजही आपल्या दवाखान्यात संकोचाने येते. शास्त्रीय उत्तर मिळाले नाही, तर तो वाचक भोंदू जाहिरातदाराच्या दारी जातो. दडपलेल्या पुस्तकाची जागा रिकामी राहत नाही.

१९५२ मध्ये भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी कर्वे निवर्तले. ज्या विषयासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो राज्याचे धोरण झालेला त्यांनी पाहिला. दंडाच्या पावत्या मात्र त्यांच्याच नावावर राहिल्या. एखादे पुस्तक नको, असे म्हणण्यापूर्वी ते वाचावे आणि ते कोणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, हेही पाहावे. रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून निदान न करणाऱ्या आपल्या व्यवसायाला हे सांगणे न लगे.